करुणाचा होकार

दादा, तुला माती देऊन आता महिना होईल आणि माझा राग अजून जागच्या जागी आहे. लोक भेटायला येतात, हात हातात घेतात, "प्रभूची इच्छा, मार्थाबाई," म्हणतात. मी मान हलवते. प्रभूच्या इच्छेबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती त्याच्या नावानं कारभार बघणाऱ्यांबद्दल, आणि थोडी तुझ्याबद्दलसुद्धा. तू गेलास म्हणून मी तुला सोडून देईन असं वाटत असेल तर ते मनातून काढून टाक.

गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलायचं असतं म्हणे. आपल्याला कुठलं जमायला? आपण बहीणभाऊ एका विषयावर जन्मभर जितकं भांडलो तितकं जावाजावाही भांडत नसतील. आणि विषय काय, तर लेकराच्या डोक्यावरचं पाणी. आपल्या मंडळीत मूल दोन-तीन महिन्यांचं झालं की आईबाप त्याला पाळकांपुढे नेतात, पाळक त्याच्या डोक्यावर पाणी शिंपडतात, त्याचं नाव घेतात, आणि तिथून पुढे ते मूल सगळ्या मंडळीचं. तुझाही बाप्तिस्मा असाच झाला, माझाही. तुझं म्हणणं, हे खरं नव्हे. माणसानं मोठं व्हावं, समजून उमजून स्वतःच्या तोंडानं हो म्हणावं, मगच पाण्यात उतरावं, आणि उतरायचं तर डोकं ओलं करण्यापुरतं नाही, सगळंच्या सगळं बुडायचं.

हे खूळ तुझ्या डोक्यात तारावहिनींनी भरवलं असं बाबा मरेपर्यंत म्हणत राहिले, कारण वहिनींचं माहेर बुडवणाऱ्या मंडळीतलं. मला खरी गोष्ट माहीत होती. कासार आंबोलीच्या शाळेवर तू नवीन लागलास तेव्हा धोंडिबा, ज्याच्या घराशेजारी तू बिऱ्हाड केलंस तो, एकदा बैलांना पाणी दाखवता दाखवता तुला म्हणाला, "मास्तर, तुमी किरिस्ताव कवा झाला?"

तू म्हणालास, "माझे आजोबा झाले."

"त्ये झालं त्यांचं. मी तुमचं इचारतोय."

बस्स, एवढंच. धोंडिबा बैल घेऊन निघून गेला आणि तू मात्र ते वाक्य घरी घेऊन आलास. पुढच्या रविवारी जेवताना तू बाबांना विचारलंस, "मी केव्हा झालो?" बाबांनी तारीख सांगितली. तू म्हणालास, "ते तुम्ही केलंत. मी काय केलं?" आई वाढता वाढता थांबली होती, मला अजून दिसतं.

तुझा मुद्दा मला कळत नव्हता असं समजू नकोस. आजोबांनी हो म्हटलं तेव्हा भावकीनं त्यांच्या हातचं पाणी सोडलं, आजीच्या माहेरचं दार बंद झालं, राहतं घर सोडून त्यांना मिशनच्या आवारात यावं लागलं. "त्या होकाराची त्यांना किंमत पडली, मार्था," तू म्हणायचास. "मला काय पडलं? आडनाव मिळावं तसा मला देव मिळाला." मी म्हणायचे, आजोबांनी हो म्हटलं त्याच दिवशी अंगावरच्या दोन लेकरांनाही पुढे केलं होतं, ते विसरतोस. घर जळत असताना बाहेर पळणारा माणूस पाळण्यातल्या पोराला विचारत बसतो का, येतोस का म्हणून? मी दाई आहे. मुळशीच्या निम्म्या वाड्यावस्त्यांतली पोरं माझ्या हातावर झाली. त्यांतल्या एकाही पोराला कुणी विचारून जन्माला घातलेलं नाही. आई दूध पाजते तेव्हा विचारते का? नाव ठेवताना, भाषा शिकवताना विचारते का? जे जे चांगलं असतं ते आधी देऊन ठेवायचं असतं, समज मागून येते.

त्यावर तुझं उत्तर ठरलेलं. "दूध वेगळं आणि शपथ वेगळी." आणि मग तू चष्मा पुसायला घ्यायचास, म्हणजे वाद तुझ्यापुरता संपला. त्या चष्मा पुसण्याचा मला जितका राग यायचा तितका तुझ्या मताचाही नव्हता.

बुडवून घ्यायचं ठरलं तेही आपल्याकडच्या रीतीनंच झालं. शहरातले उपदेशक, बुडवणाऱ्या मंडळीचे, उन्हाळ्याच्या सुट्टीत मोकळे, म्हणून वैशाखातला दिवस धरला. ते पौडला एसटीतून उतरले, नदीवर गेले आणि बघतात तर मुळेत गुडघाभर पाणी नाही. शहरातल्या माणसाला काय ठाऊक, आपल्या धरणाचं पाणी वीज करायला घाटाखाली कोकणात जातं आणि खालच्या नदीच्या वाट्याला धोंडे राहतात. उपदेशक काठावर चपला हातात घेऊन उभे, आणि तू त्यांना डोह दाखवत या वळणावरून त्या वळणावर. शेवटी पावसाळ्यानंतर बघू म्हणून परत गेले. त्या रात्री जेवताना आई म्हणाली, "देवाला पण घाई नाही बघ." सगळे हसलो, बाबासुद्धा. आपल्या घरात सगळे एकदम हसलेले मला आठवतात ते तेव्हाचे शेवटचे.

भाद्रपदात डोह भरला आणि तू पाण्यात उतरलास. मी काठावर आले होते. येणार नाही म्हणाले होते, तरी आले. तू वर आलास तेव्हा तुझ्या नाकातोंडात पाणी गेलेलं, केस कपाळावर चिकटलेले, आणि चेहरा असा की मला पटकन तोंड फिरवावं लागलं. इतका आनंद मी तुझ्या तोंडावर तुझ्या लग्नातही पाहिला नव्हता. हे मी तुला कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू तोही पुरावा म्हणून वापरला असतास.

पण खरा गोंधळ काठावर झाला. धुणं धुणाऱ्या बायांनी, गुरं घेऊन आलेल्यांनी तुला नदीत बुडी मारून वर येताना पाहिलं आणि त्यांनी त्यांच्या परीनं अर्थ लावला. नदीत बुडी मारून माणूस शुद्ध होतो, एवढं त्यांना ठाऊक. म्हणजे मास्तर माघारी आला. संध्याकाळी धोंडिबाची म्हातारी आवडाबाई नारळ आणि गूळ घेऊन तुझ्या ओसरीवर हजर. "बरं झालं, बाबा, आपल्यात आलास. लई बरं झालं." तू तिला समजावायला गेलास, पण तिनं तुझ्या तोंडावरून हात फिरवला आणि तुला हसू आवरेना. हसता हसता तू नारळ फोडलास आणि अर्धा शाळेतल्या पोरांना वाटलास.

तो नारळ तुला महागात पडला. सुतावरून स्वर्ग गाठणारी माणसं फक्त गावात असतात असं थोडंच आहे? महिन्याच्या आत आपल्या पाळकसाहेबांनी पंचमंडळ बोलावलं. आरोप दोन. एक, पहिला बाप्तिस्मा खोटा ठरवून मंडळीचा अपमान केला. दोन, नदीत शुद्धी करून नारळ फोडला. दुसरा आरोप खोटा आहे हे पाळकसाहेबांना माझ्याइतकंच ठाऊक होतं, मी स्वतः त्यांना सांगितलं होतं. पण पहिल्या आरोपावर काही पंचांचं मन कचरत होतं आणि दुसऱ्यावर कुणाचंच कचरलं नसतं, म्हणून त्यांनी तो पुसला नाही. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. तुझं नाव कमी करायचं का म्हणून हात वर करायला सांगितलं, आणि पंचांत बसलेल्या आपल्या बाबांनीही हात वर केला.

घरी आल्यावर आई तुझ्याशी भांडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे मी बाळंतपणातून उठून, तुला छातीशी धरून तिथं उभी राहिले, ते वायाच गेलं का रे?"

तू चष्मा काढून पुसायला घेतलास.

कितीतरी वर्षांनी, ती गेल्यावर, तू मला म्हणालास, "वाया कसं जाईल? पण ते तिचं होतं, मार्था. माझं नव्हतं." किती साधं उत्तर होतं. ते तू तिला का दिलं नाहीस? तिला कळलं असतं. ती न शिकलेली होती, पण आपल्या दोघांहून शहाणी होती. तू शास्त्रातली वचनं पाठ करून ठेवलीस, मला गप्प करायला एकावर एक काढायचास, आणि आईपुढे तोंडात मूग धरून बसलास. या गोष्टीसाठी मी तुला माफ केलेलं नाही. करणार आहे, पण आज नाही.

आणि तरी तू मंडळी सोडली नाहीस. नाव कमी झालं, पण रविवारी शेवटच्या बाकावर येऊन बसायचास. गाणी म्हणायचास, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं आणि थोडी बेसूर. प्रभुभोजनाचं ताट फिरायचं तेव्हा वाढणारा पंच तुझ्यापाशी आला की ते जरा वर उचलायचा आणि पुढे जायचा. शहरातले उपदेशक तुला म्हणायचे, त्या शिंपडणाऱ्यांत कशाला बसतोस, आमच्याकडे ये. तू म्हणायचास, "माझी माणसं इथं आहेत." मग तेही तुझ्यावर रुसले. दोन मंडळ्यांच्या मध्ये तू असा राहिलास, ना इकडचा ना तिकडचा, आणि तुला त्याचं काही वाटत नाही असं दाखवत राहिलास.

करुणा झाली ती माझ्याच हातावर. मी तिची नाळ कापली आणि तिसऱ्याच महिन्यात तुझ्यामागे लकडा लावला, पोरीचा बाप्तिस्मा कर. तू म्हणालास, "ती सांगेल." मी म्हटलं, तिला दात यायचेत अजून. तू म्हणालास, "दात येतील, मग सांगेल." दरवर्षी नाताळला मी विचारायचे आणि दरवर्षी तू तेच म्हणायचास. पोर मोठी होत गेली, तुझ्यासारखीच मान वाकडी करून ऐकायला शिकली, सोळाची झाली, पण कुणाच्याच मंडळीत तिचं नाव नाही. मला काळजी लागून राहायची. तुला मी हट्टी म्हटलं, अहंकारी म्हटलं, एकदा तर बापावरचा राग पोरीवर काढतोस असंही म्हटलं. ते शेवटचं मात्र तुला लागलं. तू दोन रविवार माझ्याकडे जेवायला आला नाहीस.

पण घोटावड्याची ती दुपार मी विसरलेले नाही. रस्त्याच्या कामावरच्या मुकादमाची बायको, आपल्याच लोकांतली, अवघडलेली होती. तू सायकलवर माझी पेटी घेऊन आलास. पोर झालं ते निळंच. मी होतं नव्हतं ते सगळं केलं, पण ते जाणार हे मला कळलं आणि त्या बाईलाही कळलं. ती म्हणाली, "बाई, पाळक यायचे न्हाईत तवर. तुमीच पानी घाला." मी इकडे तिकडे भांडं बघतेय तोवर तू आत आलास, वाटीत पाणी घेऊन माझ्यापुढे धरलंस आणि त्या बाईला हळूच विचारलंस, "नाव काय ठेवायचं?" तिनं नाव सांगितलं. मी बोटं बुडवली. वाटी तू शेवटपर्यंत धरून होतास.

परत येताना मी तुला टोमणा मारलाच. म्हटलं, आता कुठं गेलं ते स्वतःच्या तोंडचं हो? तू सायकल हातात धरून चालत होतास. म्हणालास, "तिनं मागितलं, मार्था. मागणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?" त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की तू माझ्यापेक्षा मोठा आहेस, नुसता वयानं नाही. तुझी आठवण येते ती अशी येते, आणि मग मला तुझ्यावर रागावताही येत नाही.

पण तू गेलास त्या सकाळचा राग मला भरपूर आहे, आणि तो आता मी तुला सांगणार आहे, कारण तू आत निजला होतास आणि बाहेर ओसरीवर काय चाललं ते तुला कळलं नाही.

तुझी एकच इच्छा होती, आईच्या शेजारी जागा. हे सगळ्यांना माहीत होतं. पाळकसाहेब उजाडताच आले. वहिनींचं सांत्वन केलं, डोळे पुसले, आणि ते अश्रू खोटे होते असं मी म्हणणार नाही. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "शामुवेल मंडळीबाहेर होता, त्याला कबरस्तानात जागा देणं मला कठीण आहे. नियम माझा नाही. पण त्याचं घर परत आलं तर पंचांना मी समजावू शकेन. करुणाचा बाप्तिस्मा राहिला आहे. आता करून टाकू. इथंच. मग दुपारी चर्चची घंटा वाजवू, रीतसर नेऊ, आणि आईशेजारी जागा आहेच."

दादा, अडला हरी म्हणतात तो प्रसंग. वहिनींनी पदर तोंडाला लावलेला. तुला ठेवून किती वेळ बसणार, श्रावणातली हवा. आणि करुणा आतून आली. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. तिनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "मी घेते. कुठं बसू?"

कुठं बसू. तू जन्मभर जिच्या तोंडच्या एका शब्दाची वाट पाहिलीस, ती तो शब्द असा म्हणाली. शाळेत नवीन आलेल्या मुलीनं विचारावं तसा. पाळकसाहेबांनी पाणी मागितलं आणि वहिनी उठल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "वहिनी, खाली बसा. पाणी आणू नका."

पाळकसाहेब चकित झाले. "मार्थाबाई, इतकी वर्षं तुम्हीच तर म्हणत होता, मुलीचा बाप्तिस्मा करा."

"म्हणत होते. तेव्हा तुम्ही तिच्याकडून काही मागत नव्हता. तान्ह्याला आपण पाणी घालतो ते फुकट घालतो, म्हणून मला ते आवडतं. दादा म्हणायचा, माणसानं आपखुशीनं मागावं, त्यातही कुणाची जबरदस्ती नाही. हे तुमचं तिसरंच काहीतरी आहे. बाप आत पडलाय आणि तुम्ही पोरीला सांगताय, हो म्हण, मग त्याला जागा देतो."

"आत्या, मी हो म्हणतेय," करुणा म्हणाली. "मला कळतंय मी काय म्हणतेय."

"तू गप्प बस," मी म्हटलं.

तर असं आहे. तुझी लेक स्वतःच्या तोंडानं हो म्हणाली आणि मी, तिचा बाप्तिस्मा व्हावा म्हणून घसा कोरडा करणारी, तिच्या तोंडावर हात ठेवला. पाळकसाहेब उठले, खुर्ची जागेवर ठेवली आणि गेले. करुणानं माझ्याकडे असं पाहिलं की तसं माझ्याकडे अजून कुणी पाहिलेलं नाही. "पपांना आजीजवळ जायचं होतं," एवढंच म्हणाली आणि आत तुझ्यापाशी जाऊन बसली. मी केलं ते बरोबर केलं. पुन्हा वेळ आली तरी तेच करीन. पण तुला जागा मिळाली असती ती माझ्यामुळे गेली, हेही तितकंच खरं.

धोंडिबा अंगणात उभा होता. त्यानं विचारलं, "बाई, मास्तरला जागा न्हाई म्हंजी काय?" मी सांगितलं. त्याला त्यातलं निम्मं कळलं असेल. म्हणाला, "माजा वरचा माळ हाय की. तितं भात होत न्हाई, काय न्हाई. तितं ठिवा." त्याचा भाऊ कुरकुरला, रानात मढं पुरलं तर उद्या तिकडं बाया जायच्या न्हाईत म्हणाला. धोंडिबानं त्याला बाजूला नेऊन काय सांगितलं कोण जाणे, भावानंच पहिली कुदळ मारली. आवडाबाई मात्र गोंधळून गेली होती. माझ्याजवळ येऊन कानात विचारते, "मास्तर माघारी आलता ना आमच्यात? मंग जाळीत का न्हाई?" अशा वेळी हसू यावं का? मला आलं. तू असतास तर तुलाही आलं असतं.

शहरातल्या उपदेशकांना निरोप गेला होता, ते दुपारच्या गाडीनं आले. मला वाटलं, चला, निदान कुणीतरी दोन शब्द बोलेल. दोन शब्द कसले! पाऊस भुरभुरतोय, लावणी सोडून आलेली माणसं डोक्यावर इरली घेऊन चिखलात उभी, वहिनींना धरून ठेवावं लागतंय, आणि हा गृहस्थ तुझ्या खड्ड्याच्या काठावर उभा राहून सांगतोय की खरा बाप्तिस्मा कोणता. शिंपडण्याला शास्त्रात आधार कसा नाही. शामुवेलनं सत्य कसं ओळखलं आणि त्याच्या घरचे आंधळे कसे राहिले. घरचे म्हणजे मी समोरच उभी. तू कसा शिकवायचास, पोरांना पदरचं दूध आणून कसं द्यायचास, बेसूर का होईना पण कसं मनापासून गायचास, त्यातलं एक अक्षर नाही. धोंडिबा माझ्या कानाशी लागून म्हणाला, "बाई, ह्यो कुनाशी भांडतोय?"

मी म्हटलं, "माझ्या बापाशी, धोंडिबा. आणि तो कधीच गेला."

त्यानंतर करुणा माझ्याशी बोलेना. मी दर दोन दिवसांनी कासार आंबोलीला जायचे, वहिनींशी बोलायचे, ती पुस्तक घेऊन आत. मला ते कबूल होतं. मी काही तिची समजूत काढायला गेले नाही. रागावलेल्या माणसाची समजूत काढणं हा मला त्याचा अपमान वाटतो, हे तुला माहीत आहे.

गेल्या आठवड्यात ती आपणहून माझ्यामागे फाट्यापर्यंत चालत आली. एसटीला वेळ होता. तिथं उभं राहून, माझ्याकडे न बघता, तिनं सांगितलं. "आत्या, मला बाप्तिस्मा घ्यायचाय. त्या दिवशी पपांसाठी म्हटलं होतं. आता माझ्यासाठी म्हणतेय. पण आता अट मी घालणार. आपले पाळक आणि ते शहरातले, दोघांनी एकत्र माळावर यायचं. पपांच्या मातीवर दोघांनी मिळून एक प्रार्थना करायची. आणि पाण्याचं नाव काढायचं नाही. मग कुणाच्या हातून घ्यायचा ते मी सांगेन."

मी विचारलं, "आणि नाही आले तर?"

"तर नाही."

मला तिला तिथं रस्त्यावर कवटाळावंसं वाटलं. पण ती तुझी मुलगी, तिला ते आवडलं नसतं. मी फक्त "बरं, सांगते" म्हटलं आणि गाडीत चढले.

रविवारी उपासना सुटल्यावर मी पाळकसाहेबांना गाठलं आणि निरोप जसाच्या तसा सांगितला. तीन महिन्यांच्या मुलांना बाप्तिस्मा देणारा आणि तुझ्या ओसरीवर त्याच पोरीच्या होकारावर पाणी मागणारा माणूस. त्यांनी ऐकून घेतलं, पुस्तक काखेत मारलं आणि म्हणाले, "मार्थाबाई, मुलगी लहान आहे. तिला काय कळतंय?"

सोमवारी मी शहरात गेले. उपदेशकांनी मला बसायला दिलं, पाणी दिलं. माणसानं समजून, उमजून, स्वतःच्या तोंडानं हो म्हणावं हे ज्यांनी तुला शिकवलं, ज्यांच्यासाठी तू आईला दुखावलंस, ते. निरोप ऐकून ते हसले, आणि मायेनं हसले हे मला जास्त झोंबलं. म्हणाले, "बाई, पोर लहान आहे अजून. तिला काय कळतंय?"

दादा, तुझ्यापायी इतकी वर्षं एकमेकांना पाण्यात पाहणारी ही दोन माणसं. जन्मात पहिल्यांदा त्यांचं एका वाक्यावर एकमत झालं, आणि ते तुझ्या लेकीला गप्प बसवण्यासाठी.

काल मी कासार आंबोलीला जाऊन करुणाला दोघांचं उत्तर सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं परातीतलं पीठ पुन्हा मळायला घेतलं आणि म्हणाली, "मग थांबू या."

"या" म्हणाली ती, दादा. मलाही धरून म्हणाली. मी पदर खोचला आणि चुलीपाशी बसून तिच्या भाकऱ्या भाजायला घेतल्या.